खैरे रोडलाइन्स, एकूण गाड्या : एक

निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरात, टायर रिमोल्डिंगच्या दुकानावर
आमचं ऑफिस. जिन्याला जळक्या रबराचा वास.
चौसष्ट मालक, गाड्या एकशे एकोणीस.
ज्यांना स्वतःचा कारकून परवडत नाही
त्यांची धास्ती आम्ही सांभाळतो,
महिन्याला गाडीमागे साडेतीनशे, जीएसटी वेगळा.

चाकणच्या कंपन्यांनी अट घातली तेव्हापासून
ड्रायव्हरच्या श्वासाचाही कागद लागतो गेटवर.
दर सोमवारी कॉम्प्युटर चिठ्ठ्या टाकतो.
कुणाचं नाव आलं, का आलं, त्याला विचारायची सोय नाही.
मी फक्त फोन लावते :
नाव आलंय. दोन तासांत पाठवा.

संडासाच्या टाकीत मावशी निळा रंग सोडते,
कुणी तिथलं पाणी भरून आणू नये म्हणून.
दाराबाहेर तौफिक उभा. नळ बंद. खिसे रिकामे करायचे :
तंबाखूची पुडी, कंगवा, टोलच्या चिठ्ठ्या,
कुणाच्या पोरीचा शाळेतला फोटो.
कप बाहेर येतो तेव्हा कोमट असतो.
चार मिनिटांच्या आत उष्णता बघायची,
झाकणावर पट्टी, पट्टीवर सही.
माणसाची ऊब इतक्या जवळून हातात घेतो आम्ही
आणि तिला नंबर देतो.

रोहिदास खैरेंची गाडी एकच, चौदा टायर.
फॉर्मवर दोन सह्या लागतात,
इथे मालक, इथे ड्रायव्हर.
वरची ते सावकाश करायचे, लफ्फेदार.
खालची घाईत, मागे कुणी हॉर्न वाजवतंय अशी.
एकदा म्हटलं, दोन्हीकडे सारखीच करा की.
म्हणाले, तसं कसं, ताई? माणसं दोन आहेत.

मार्चमध्ये लॅबचा कागद आला.
डोडा. अफूच्या बोंडांचा चुरा,
पाण्यात उकळून, रात्र ओढायला.
नियम असा की निकाल आधी मालकाला,
ड्रायव्हरला मालक सांगेल.
काय बोलायचं ते भिंतीवर चिकटवलंय. मी वाचलं :

खैरे रोडलाइन्सचे मालक बोलतायत का?
बोलतोय.
तुमच्या ड्रायव्हरचा नमुना पॉझिटिव्ह आलाय.
या क्षणापासून त्याला गाडीवर बसू देऊ नका.

मागे इंजिनचा आवाज होता.
तो थांबला.
इंडिकेटरची टिकटिक मात्र बराच वेळ ऐकू येत राहिली.

कुठे आहे तो आत्ता? मी विचारलं.
हे भिंतीवर नव्हतं.
खंबाटकीच्या अलीकडे, म्हणाले. बाजूला घेतलीय.
आणि मग, जरा वेळानं :
एकोणीस वर्षं आहे हो माझ्याकडे.
कधी म्हणालो नाही मी त्याला, झोप म्हणून.

दुसऱ्या दिवशी जिना चढून आले.
टेबलावर किल्ली ठेवली.
काढून घेतली त्याच्याकडून. पावती द्या.

किल्लीची पावती आमच्या सिस्टीममध्ये नाही.
कोऱ्या कागदावर लिहून दिली, वर शिक्का मारला.
त्यांनी ती दोनदा वाचली,
घडी घालून वरच्या खिशात ठेवली, मालकाच्या.

गाडी मोशीला, मेहुण्याच्या वजनकाट्यामागे उभी.
हप्ता कुठे उभा राहतो.
किल्ली माझ्या ड्रॉवरमध्ये, स्टेपलरच्या पिनांपाशी,
पेन शोधायला उघडला की वाजते.
तौफिक म्हणतो, कपाटात टाका.
टाकीन.

सहा आठवड्यांनी फेरतपासणीची तारीख पडली.
फोन लावला.
मालक?
बोला.
उद्या सकाळी साडेसहा. पाणी फार पिऊन येऊ नका म्हणावं.
पाठवतो, म्हणाले.

मी फोन ठेवणार, तेवढ्यात :
चहा पाजून पाठवतो.